मान उचलून दाखव

मालिकेत पेशंटनं डोळे उघडले की भाग संपतो. असे सीन मी भरपूर केले आहेत. पलंगावर हिरो, भोवती रडणारं घर, आणि कोपऱ्यात मनातून चरफडणारी धाकटी जाऊ. ती मी. दुधात काहीतरी कालवणारी. हिरो पापण्या हलवायचा, संगीत वाढायचं आणि पुढच्या भागात तो जिना उतरून नाश्त्याला हजर. आज विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात मेडिसिनची रेसिडेंट म्हणून काम करताना मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती याच समजुतीची: डोळे उघडले, म्हणजे सुटला.

डॉक्टरनं नट होणं मराठी माणसाला नवीन नाही. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. १९६९मध्ये त्यांनी प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. उलट दिशेनं कुणी निघालं की मात्र पहिला प्रश्न येतो, काम मिळेनासं झालं का? मला काम मिळत होतं. पण एकदा सेटवर लाइटदादांना विजेचा धक्का बसला, तेव्हा डॉक्टरचा कोट घातलेला नट आणि आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. छातीवर दाब दिला तो स्पॉटदादांनी. त्यानंतर मी नीटची पुस्तकं आणली.

त्या काळात मला धीर दिला पीटर ऑस्ट्रमच्या गोष्टीनं. चॉकलेटच्या कारखान्यावरच्या १९७१च्या गाजलेल्या हॉलिवूडपटातला हा चार्ली. नंतर त्यानं एकही सिनेमा केला नाही. घरी घोडा आणला, त्याला तपासायला पशुवैद्य यायचे. त्या माणसाला आपल्या कामात वाटणारा आनंद बघून या मुलाचं ठरलं. १९८४मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेऊन तो न्यूयॉर्क राज्यात गाईगुरांचा डॉक्टर झाला.

आता त्या पेशंटविषयी. पोळा होऊन गेला होता, कपाशी उंच झाली होती आणि फवारणी जोरात होती. विदर्भात या दिवसांत कॅज्युअल्टीत काम करणाऱ्याला २०१७ विसरता येत नाही. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात आली. डोक्याएवढ्या कपाशीवर फवारायचं तर नोझल वर धरावं लागतं, आणि औषध अंगावर येतं. अंगात सुती शर्ट, तोंडाला फार तर रुमाल.

हा पंचविशीतला मजूर. दोन दिवस सलग पंप पाठीवर. आणला तेव्हा तोंडातून लाळ आणि फेस, अंग घामानं निथळत होतं, कपड्यांत लघवी झालेली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घुरघुर. ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे फवारणीच्या कीटकनाशकांतलं विष. वॉर्डबॉय मामांनी कपडे कापून काढले आणि साबणानं केसांसकट अंग धुतलं. कपड्यांतलं विष कातडीतून आत जातच राहतं. मी त्यावरचा उतारा, ॲट्रोपिन, सुरू केला. ॲम्प्युल ०.६ मिलिग्रॅमची. आधी तीन, पाच मिनिटांनी सहा, मग बारा. छाती कोरडी होईपर्यंत दुप्पट करत जायचं. सिस्टर फोडत होत्या, मी देत होते, मध्येमध्ये स्टेथो लावत होते.

त्याची आई दारात उभी होती. तिनं मला ओळखलं.

"ह्या बाईले माह्या पोराजवळ नका येऊ देऊ. हे तेच हाय, दुधात कालवनारी."

वॉर्डात कुणी हसलं नाही. सिस्टरांनी तिला बाहेर बसवलं. मला तिचा राग आला नाही. रोज रात्री तिनं मला पाहिलं होतं आणि मी माझं काम चोख केलं होतं. घरात शिरलेली खोटारडी बाई लोकांनी खरी मानावी, याचेच तर मला पैसे मिळत होते.

पहाटेपर्यंत छाती मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी तो हवेत काहीतरी पकडत होता, नसलेल्या माणसांशी बोलत होता. ॲट्रोपिन जास्त झालं की असं होतं. मात्रा उतरवली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डोळे उघडले, आईला ओळखलं, दोन घोट चहा घेतला.

आणि आईनं पिशवी भरली. बाहेर गावची जीप थांबली होती.

"आमच्या जबाबदारीवर नेतो. पोरगं बोलून राह्यलं. तुमाले काऊन ठेवाचं हाय त्याले?"

ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये २४ ते ९६ तासांच्या दरम्यान एक दुसरा धोका येतो. १९८७मध्ये श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालीएड्डे या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा नीट मांडला: इंटरमीजिएट सिंड्रोम. लाळ, घाम, घुरघुर सगळं ओसरलेलं असतं, पेशंट शुद्धीवर असतो, आणि स्नायू हळूहळू हार मानतात. आधी मान, मग खांदे आणि मांड्या, मग श्वास. त्यावर ॲट्रोपिनचा उपयोग नाही. त्या सकाळी एका श्वासात तो जेमतेम नऊपर्यंत मोजू शकला होता.

आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, डोळ्यांत पाणी कधी तरळू द्यायचं, हे मला येतं. तसं बोलले असते तर कदाचित ती थांबलीही असती. पण ती मला खोटी समजत होती, आणि जे तिला खोटं वाटत होतं त्याच्याच जोरावर तिचा होकार घेणं मला पटेना. मी साधं बोलले. "मावशी, माझ्यावर विश्वास ठेवू नका. इकडे या. त्याच्या डोक्याखाली हात ठेवा."

तिनं ठेवला.

"दादा, उशीवरून मान उचला."

त्यानं दात आवळले, खांदे हलवले. डोकं तिच्या तळव्यावरच राहिलं. आईनं त्याच्याकडे पाहिलं. "उचल नं रे," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, जरा जोरात. तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

"हे आता छातीत उतरणार," मी सांगितलं. "वाटेत जीपमध्ये श्वास थांबला तर तुमच्याजवळ काही नसेल. इथं मशीन आहे. काही दिवस मशीन श्वास घेईल, तेवढ्यात स्नायू परत येतात. बहुतेकांचे येतात. सगळ्यांचे येत नाहीत, तेही सांगते."

तिनं अंगठा दिला. दुपारपर्यंत त्याची धाप वाढली, ऑक्सिजन उतरायला लागला. नळी मीच घातली. सर शेजारी उभे होते.

दीड आठवड्यानं व्हेंटिलेटर निघाला. सुट्टीच्या कागदावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: काही आठवडे फवारणी बंद, नंतरही हातमोजे, मास्क, वाऱ्याच्या दिशेनं, काम झालं की आंघोळ आणि कपडे वेगळे. त्यानं विचारलं, "मजुरी बुडल ते?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. हातमोजे मालकानं द्यायला हवेत, हे मात्र मी त्याच्या मालकाला फोन करून सांगितलं आणि पुढेही प्रत्येकाला सांगणार आहे.

आई माझ्याशी शेवटपर्यंत फार बोलली नाही. पण त्या दिवसांत शेजारच्या खाटेवर आणखी एक फवारणीचा पेशंट आला. दोन दिवसांनी त्याचा भाऊ घरी न्यायची घाई करू लागला, तेव्हा मी औषधांच्या ट्रॉलीपाशी होते. मी काही बोलायच्या आत ती उठली होती.

"डोये उघडले म्हनून नेतं का? आधी त्याले मान उचलून दाखव म्हना."