ताईच्या थायरॉईडमुळे कळलेले

इंदूरच्या घरी आज ताईने चहाचा कप उचलला, तेव्हा कित्येक आठवड्यांनी बशी वाजली नाही. थरथर आणि घटलेले वजन वाढलेल्या थायरॉईडमुळे होते. परंतु तो औषधाने आटोक्यात आल्यावरही ठोके चुकत राहिले, म्हणून केलेल्या एमआरआयमध्ये हृदयाच्या उजव्या जवनिकेच्या (खालच्या कप्प्याच्या) स्नायूत चरबी आणि तंतुमय ऊती शिरलेल्या दिसल्या. थायरॉईडने हृदयाला दामटले आणि दडलेला आनुवंशिक आजार उघडकीस आला. (बाबांचे चाळिशीतले अचानक कोसळणे आम्ही इतकी वर्षे उन्हावर ढकलत होतो.) सदोष जनुक प्रत्येक अपत्याकडे येण्याची शक्यता ५० टक्के असल्याने आज माझाही ईसीजी आणि इको झाला. छातीवरचे गार जेल पुसताना मुलीची कबड्डी आठवली. जोराच्या व्यायामाने हा आजार बळावतो, म्हणून तूर्त तिचा सराव थांबवला आहे.