यंत्र घरूनच बनवून का नेत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचाच आहे: पावसाळ्यात आंबोलीला बेडकांचा अभ्यास करायला जायचं, तर सोबत सोल्डरिंग आयर्न (वायरी धातू वितळवून जोडायचं तापतं हत्यार), मल्टिमीटर आणि सुट्या भागांचा डबा कशाला? घरी नीट बसून बेडकांचे फोटो काढणारं किंवा आवाज टिपणारं यंत्र बनवावं आणि तिथे नेऊन झाडाला बांधावं, झालं.

घरी बनवलेलं यंत्र घरात चालतं, अडचण तिथेच आहे. प्राणी समोर आला की फोटो निघावा म्हणून बहुतेक जण एचसी-एसआर५०१ हा पीआयआर सेन्सर लावतात. खोलीत हात हलवला की तो लगेच दाद देतो. पण त्याला कळतो तो उष्णतेतला फरक. ओल्या पानावर बसलेला मलबारी उडता बेडूक थंड रक्ताचा, त्याच्यात आणि पानात म्हणावा तसा फरकच नसतो. सेन्सरच्या लेखी पान रिकामं. उन्हाळ्यात उलटी गंमत होते. तापलेल्या फांद्या वाऱ्याने हलल्या की फोटोंचा पाऊस पडतो आणि हवाच अंगाइतकी तापली की समोरून सांबर गेलं तरी सेन्सर गप्प.

मग आवाजावर चालवू, म्हणाल. ठरावीक पातळीच्या वर आवाज गेला की रेकॉर्डिंग सुरू. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच. बेडूक ओरडतात तेही पावसातच. त्यामुळे यंत्र रात्रभर इमानाने पाऊस रेकॉर्ड करतं.

शेवटी घड्याळ लावणं बरं पडतं. संध्याकाळी ७ ते पहाटे ५, दर दहा मिनिटांनी एक मिनिट, म्हणजे रात्रीत एक तास. बेडकांचे आवाज बहुतेक ५-६ किलोहर्ट्झच्या आत असतात, म्हणून ३२ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला ३२ हजार वेळा आवाज मोजणं, पुरतं. १६ बिट मोनोमध्ये तासाला साधारण २३० एमबी होतात. ३२ जीबीचं कार्ड शंभरावर रात्री चालेल, बॅटरी त्याच्या कितीतरी आधी संपेल. पण ऑडिओमॉथसारखा तयार मिळणारा छोटा रेकॉर्डर वटवाघळांसाठी ३८४ किलोहर्ट्झवर ठेवलात तर तासाला पावणेतीन जीबी जातात आणि तेच कार्ड साडेअकरा तासांत भरतं. कोणाला ऐकायचंय ते आधी ठरवा.

स्वतः जोडलेल्या रेकॉर्डरमध्ये घड्याळासाठी डीएस३२३१ ही चिप वापरा, दोन महिन्यांत दहा-बारा सेकंदांपलीकडे चुकत नाही. फक्त त्याच्या स्वस्त मॉड्यूलवर बटण सेलला चार्ज करणारा मार्ग असतो आणि लोक त्यात सीआर२०३२ घालतात, जो चार्ज करायचा सेलच नव्हे. ५ व्होल्टवर चालवणार असाल तर ‘२०१’ लिहिलेला बारीक रेझिस्टर काढून टाका. नाहीतर सेल फुगतो.

आता ओल. यंत्राची खरी परीक्षा इथे होते. यंत्रासाठी आयपी६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे अडवणारा) डबा घेतला म्हणजे निश्चिंत, असं वाटतं. पण संध्याकाळी भिजट हवेत झाकण लावलंत की ती हवाही आत कोंडली जाते. पहाटे गारवा वाढला की तिचंच पाणी होऊन सर्किटवर बसतं. डबा बाहेरून ठणठणीत आणि आत घाम. म्हणून सिलिका जेलची ताजी पुडी टाकून मगच झाकण लावा. वायरी डब्याच्या तळातून काढा आणि बाहेर पडल्यावर वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ झोळाच्या टोकावरून गळून जातो. फट बुजवायला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सर्किटजवळ नको. सुकताना तो अॅसिटिक अॅसिड सोडतो आणि तांबं हिरवं पडतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेला घ्या. झाकणावर स्पंजचा तुकडा चिकटवा, नाहीतर थेंबांची टपटप बेडकांपेक्षा मोठी ऐकू येते.

यातलं निम्मं जागेवर गेल्याशिवाय कळत नाही. माइकचं भोक कोणत्या बाजूला हवं, वायर किती लांब, डबा पाण्यापासून किती उंच, हे बेडूक कुठे बसतो ते पाहून ठरतं. म्हणून आयर्न सोबत. ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून जोडायची पाटी) मात्र नेऊ नका, पाठपिशवीतल्या हादऱ्यांनीच त्याच्या वायरी निघतात. परफबोर्ड (भाग सोल्डर करायची भोकांची पाटी), ६३/३७ म्हणजे कथील-शिशाचं सोल्डर आणि यूएसबी-सीवर चालणारी आयर्न पुरे. पॉवर बँक १२ ते २० व्होल्ट देणारी पीडीवाली (पॉवर डिलिव्हरी) हवी, साध्या ५ व्होल्टवर टोक धड तापत नाही. तंबूत बसून सोल्डर करू नका, नायलॉनला टोक लागायचा अवकाश की भोक. गॅसवर चालणारी आयर्न तर जंगलात नकोच. अभयारण्यात आग लावायला कायद्याने बंदी आहे आणि तिथे अभ्यासासाठी शिरायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनविभागाचा परवाना लागतो. तो हातात आल्यावरच यंत्राला हात घाला.

काम जेवायच्या स्टीलच्या थाळीत करा. स्क्रू चिखलात हरवत नाहीत आणि सोल्डरचे गोळे, कापलेली टोकं थाळीतच राहतात. सोल्डरमध्ये शिसं आहे आणि पाच पावलांवरच्या डबक्यात फेसाच्या घरट्यातून निसटलेली बेडकांची पिल्लं आहेत, तेव्हा सगळं डबीत भरून परत आणायचं. ही थाळी मग जेवायला वापरू नका. डासांचं डीटवालं मलम लावलं असेल तर डब्याला हात लावण्याआधी साबणाने धुवा. डीटने काही प्लास्टिक विरघळतं, पारदर्शक झाकण धुरकट होतं. आणि त्या हाताने बेडकाला तर शिवूच नका.