चेंडू हातात, आणि म्हणे फुटबॉल!

ओहायोतल्या सहा आठवड्यांपैकी पाच बाळाला तेल लावण्यात आणि डिंकाचे लाडू वळण्यात गेले. नायगारा पाहिला, भिजले, परत आले. लिहायचंय ते एका शुक्रवारच्या संध्याकाळबद्दल.

भाचा अ‍ॅक्रनला असतो. ताईच्या गुडघ्यांना एवढा विमानप्रवास झेपणारा नव्हता, म्हणून सुनेच्या बाळंतपणाला मी गेले. एक दिवस तो म्हणाला, "मावशी, चल, मॅसिलॉनला हायस्कूलची फुटबॉल मॅच दाखवतो." मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर वडिलांच्या खांद्यावर बसून पेठांतल्या तालमींच्या फुटबॉल मॅचा पाहिलेली. शाळेची मॅच म्हणजे वीसेक पोरं आणि शिट्टीवाले पीटीचे सर, असं धरून मी साडीवर नुसता स्वेटर चढवला. ही पहिली चूक.

अर्ध्या तासात पोचलो आणि समोर हे भलंथोरलं स्टेडियम! १९३९ साली बांधलेलं, १६ हजारांवर माणसं बसतील एवढं. गावाची वस्ती ३२ हजारांच्या आसपास. म्हणजे निम्मं गाव एका शाळेच्या मैदानात मावतं. बसायला अ‍ॅल्युमिनियमचे बाक. ऑक्टोबरच्या थंडीत त्यावर बसणं म्हणजे बर्फाच्या लादीवर बसणं. आणि खेळ? म्हणे अमेरिकन फुटबॉल. सोललेल्या नारळासारखा चेंडू काखोटीला मारून पळायचं, चार ढांगा टाकल्या की सगळ्यांनी अंगावर पडायचं, मग शिट्टी, मग मसलत. पायाचा संबंध नावापुरता. खायला मांसाशिवाय काही नाही. मी चीज ओतलेले नाचोज खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर पित्त झालं.

मी कुडकुडताना पाहून शेजारच्या आजींनी अर्धी गोधडी माझ्या मांडीवर टाकली. नारिंगी-काळी, वाघाच्या पट्ट्यांची. या संघाचं नावच टायगर्स. पूर्वी मॅचला वाघाचा खराखुरा बछडा आणायचे, आजींनी सांगितलं. मला वाटलं थट्टा करतायत. भाच्याने मान डोलावली.

मग आजी सुटल्याच. पॉल ब्राउन हे नाव त्या असं घ्यायच्या, जसं आमच्या शिवाजी पेठेतला म्हातारा शाहू महाराजांचं घेतो. हा याच शाळेचा विद्यार्थी. १९३२ मध्ये इथेच प्रशिक्षक म्हणून आला, तेव्हा संघाची दशा वाईट होती. नऊ वर्षांत ८० मॅच जिंकला, हरला फक्त ८. शेवटच्या, १९४०च्या मोसमात त्याच्या पोरांनी ४७७ गुण केले आणि समोरच्या सगळ्यांना मिळून ६ दिले. ते ६ सुद्धा कुणी घेतले? शेजारच्या कँटनच्या मॅकिन्ली शाळेने. हे सांगताना आजींचा चेहरा असा, की जणू काल कुणी पाकीट मारलं. मॅकिन्लीशी वैर १८९४ पासूनचं. पेठापेठांतली खुन्नस मला कुणी शिकवायला नको, पण सव्वाशे वर्षं म्हणजे जास्तच झालं. पुढे हाच ब्राउन व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला. क्लीव्हलँड ब्राउन्स हा संघ त्याच्याच नावाचा.

ब्राउनच्या काळात राज्याचा विजेता पत्रकार मतांनी ठरवत. १९७२ पासून बाद फेऱ्या सुरू झाल्या आणि मॅसिलॉनची साडेसाती लागली. फायनल गाठायची नि हरायची, पुन्हा गाठायची नि पुन्हा हरायची. अखेर २०२३ मध्ये अ‍ॅक्रनच्याच होबन शाळेला ७-२ ने हरवलं. "७-२? हा काय स्कोअर झाला?" मी विचारलं. आजी म्हणाल्या, "आम्हाला १-० सुद्धा चालला असता." भाचा कानात कुजबुजला, "मावशी, १-० या खेळात होत नाही."

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहितेय. या गावात मुलगा झाला की दवाखान्यात त्याच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवायचे. संघाच्या पाठीराख्यांची ही कैक वर्षांची रीत. भाचा म्हणाला, "भारी ना?" मी म्हटलं, "आणि मुलगी झाली की?"

आजी हसल्या. "माझ्या भावाला मिळाला, मला नाही. तो फ्लोरिडात असतो, मॅच टीव्हीवरही बघत नाही. त्याचा चेंडू माझ्या कपाटात आहे, हवा गेलेला. दर वर्षी तिकीट मीच काढते."

मला एकदम राग आला. आजींवर नव्हे, त्या पाळण्यावर. आमच्याकडे पेढे-बर्फी आहेच की! मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. भाच्याला मुलगी झाली तेव्हा मी स्वतः फोनवर ताईला म्हटलं होतं, "बर्फीच सांग." तेव्हा जिभेला काही वाटलं नव्हतं.

टायगर्स जिंकले. कितीने ते विचारू नका, मला गुणांचा हिशेब शेवटपर्यंत कळला नाही. बाहेर दुकानात हाताच्या तळव्याएवढा नारिंगी-काळा चेंडू होता. डॉलरचे रुपये करून पाहिले, दोनदा परत ठेवला, तिसऱ्यांदा घेतला. भाचा म्हणाला, "तिला काय कळणारे, मावशी?"

रात्री पाळण्यात ठेवला. सून म्हणाली, "टोक डोळ्यात जाईल." मग पायाशी ठेवला. पोरीने त्याच्याकडे ढुंकूनही न बघता माझ्या स्वेटरची बाही तोंडात घातली. बाहीला अजून नाचोजच्या चीजचा वास येत होता.