भिंगरीचं पोट, भिंगरीचा कॅन्सर आणि आमची वही

आतड्याचं जुनं दुखणं असलेलं कुत्रं ज्या घरात आहे, त्या घराला जुलाब, उलटी, पोटातली गुडगुड यांचं नवल उरत नाही. आणि नेमकं त्यामुळेच अशा कुत्र्याचा कॅन्सर ओळखणं अवघड जातं. वजन उतरणं, जुलाब, मधूनच अन्नावरची वासना उडणं ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच. आमच्या भिंगरीच्या बाबतीत फरक कसा कळला आणि कळल्यावर काय काय ठरवावं लागलं, ते सविस्तर लिहिते आहे. त्या दिवसांत मला असं काही मराठीत वाचायला मिळालं असतं तर फार आधार वाटला असता.

भिंगरी गावठी, तांबूस रंगाची, आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या गेटपाशी पावसात सापडलेली. आता नऊ वर्षांची आहे. पाचव्या वर्षी तिचे जुलाब सुरू झाले ते थांबेनात. जंताचं औषध झालं, जियार्डिया या आतड्यातल्या परजीवीची तपासणी झाली, स्वादुपिंड नीट काम करतंय का ते पाहायला रक्ताची टीएलआय तपासणी झाली. सगळं ठीक निघालं तेव्हा डॉक्टरांनी 'क्रॉनिक एन्टेरोपथी' असं नाव दिलं. तीन आठवड्यांहून जास्त चाललेला आणि दुसरं कुठलंच कारण न सापडणारा पोटाचा त्रास या नावाखाली येतो. उपचाराची सुरुवात खाण्यापासून, कारण बऱ्याच कुत्र्यांना नुसत्या आहारबदलाने उतार पडतो. तिला हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं कोरडं खाणं सुरू केलं. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उठत नाही. पण मग दुसरं काहीही द्यायचं नाही. वॉचमनकाका, दूधवाला, खालच्या मजल्यावरच्या आजी, सगळ्यांना हात जोडून सांगावं लागलं की मायेनं दिलेलं एक ग्लुकोजचं बिस्कीटही हिला बाधतं. सगळ्यात जड गेलं ते सासूबाईंना. "घरात शिजलेल्या भाताचं एक शीतसुद्धा मुक्या जिवाच्या तोंडात घालायचं नाही, हे कसलं गं पथ्य?" असं म्हणायच्या. पुढे त्याच सगळ्यात कडक पहारेकरी झाल्या.

खाण्याने निम्मं काम झालं, उरलेलं स्टेरॉइडने. काही महिन्यांत स्टेरॉइड हळूहळू कमी करत बंद झालं आणि महिन्याचं बी 12 चं इंजेक्शन तेवढं राहिलं. बी 12 लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. तो भाग आजारी असला की रक्तातली पातळी घसरते आणि मग बाकीचे उपचारही नीट लागू पडत नाहीत. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी एक वही घालायला लावली होती. रोजचं खाणं, आठवड्याचं वजन आणि शीचा आकडा. शीचं 1 ते 7 असं मोजमाप असतं, 1 म्हणजे खडे, 7 म्हणजे नुसतं पाणी. निरोगी कुत्र्याचं 2 असतं. भिंगरीचा चांगला दिवस म्हणजे 4. हे तिचं 4 लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच फिरलं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आकडा 5-6 वर गेला. असं आधीही व्हायचं आणि चार दिवसांत खाली यायचं. या वेळी वहीत वेगळंच दिसत होतं. शी मधूनमधून 4 वर येत होती, भूक बरी होती, तरी वजन आठवड्यागणिक उतरतच होतं. 17 किलोची भिंगरी 15 च्या आत आली. डोक्यावरचं मांस उतरून कवटीची मधली कड हाताला लागायला लागली. रक्त तपासलं तर अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, 2.9 चं 2.1 झालेलं. आतड्यातून प्रथिनं गळायला लागली की हे होतं. ते फारच खाली गेलं तर पोटात पाणी भरतं, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो.

माझी सगळी घाई स्टेरॉइडसाठी होती. मागच्या वेळी दोन गोळ्यांत ती उठून बसली होती, ते डोळ्यांसमोर होतं. डॉक्टर म्हणाले, "ताई, आठवडाभर कळ काढा. आतड्यात लिम्फोमा असेल तर स्टेरॉइडने तोही थोडे दिवस दबतो. मग बायोप्सीत काही नीट दिसत नाही, आणि पुढे केमो द्यायची वेळ आली तर तीही कमी लागू पडते." लिम्फोमा म्हणजे लसीका पेशींचा, एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात असा आला. ज्यांच्या कुत्र्याला पोटाचं जुनं दुखणं आहे त्यांना मी एवढं आवर्जून सांगेन की दुखणं नेहमीपेक्षा वेगळ्या चालीने उलटलं, तर स्टेरॉइड पुन्हा सुरू करण्याआधी सोनोग्राफी आणि बायोप्सीबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. काही वेळा कुत्र्याची अवस्थाच अशी असते की थांबता येत नाही, तो निर्णय डॉक्टरांचा. पण विचारलं गेलं पाहिजे.

सोनोग्राफीत लहान आतड्याची भिंत जाड दिसली, आतड्याजवळच्या लसीका गाठी सुजलेल्या. आतड्याच्या भिंतीचे थर असतात. जोरात वाढणाऱ्या लिम्फोमात ते थर बहुधा पुसले जातात. भिंगरीचे थर शाबूत होते, म्हणून आम्ही सुटकेचा श्वास सोडला. तो टिकला नाही, कारण गाठीत सुई घालून काढलेल्या पेशींचा रिपोर्ट ना इकडचा ना तिकडचा आला. पेशी लहान होत्या, आणि लहान पेशी सुजेच्याही असू शकतात, लहान पेशींच्या लिम्फोमाच्याही.

मग बायोप्सी कशी करायची हा प्रश्न. पोट उघडून आतड्याचा पूर्ण जाडीचा तुकडा घेतला तर माहिती जास्त मिळते, पण अल्ब्युमिन इतकं कमी असताना टाके उसवण्याची भीती. एंडोस्कोपीत तो धोका फार कमी, पण दुर्बीण आतड्याच्या मधल्या मोठ्या भागापर्यंत पोचत नाही आणि तुकडे वरवरचे येतात. दुसरं मत घ्यायला परळला गेलो. परळच्या या भागात जुनं बैलघोडा हॉस्पिटल आहे, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, त्याच आवारात 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, आणि तिथून जवळच टाटा मेमोरियल. फुटपाथवर चटया टाकून बसलेली परगावची माणसं, हातात एक्स-रेच्या मोठ्या पिशव्या. त्यांच्यामधून आम्ही भिंगरीला घेऊन चालत होतो. मला फार संकोचल्यासारखं झालं. तेवढ्यात एका बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "हिला काय झालंय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांनाही तेच." आणि सरकून आम्हाला सावलीत जागा करून दिली.

शेवटी एंडोस्कोपी ठरली, वरून आणि खालून दोन्हीकडून, म्हणजे लहान आतड्याचं सुरुवातीचं आणि शेवटचं टोक दोन्ही पाहता येतं. उपाशी ठेवणं, एनिमा, भूल. बी 12 चा डोस त्याआधीच आठवड्याचा करून घेतला होता. तुकड्यांचा रिपोर्ट आला, पेशी कुठल्या ते ठरवायला तुकड्यांना खास रंग लावून पुन्हा तपासलं, आणि उत्तर आलं: लहान पेशींचा टी-सेल लिम्फोमा. टी आणि बी हे लसीका पेशींचे दोन प्रकार.

घरी येऊन नवऱ्याने मोबाईलवर शोधलं तर सगळीकडे वेगळंच. कुत्र्यांत जास्त दिसणारा लिम्फोमा म्हणजे गळ्याखालच्या, गुडघ्यामागच्या गाठी सुजतात तो. त्याची औषधं वेगळी, त्याचा काळ वेगळा. आतड्याचा मोठ्या पेशींचा त्याहूनही वाईट. भिंगरीचा तिसराच, कमी आढळणारा पण संथ चालणारा, ज्यात उपचारावर वर्षभर आणि त्याहून जास्तही काढणारी कुत्री बरीच असतात. 'लिम्फोमा' एवढाच शब्द घेऊन शोधायला बसलं तर माणूस उगाच खचतो. पेशी लहान की मोठ्या, टी की बी, आणि जागा कुठली, हे तीन प्रश्न आधी.

औषधं दोन, क्लोरॅम्ब्युसिल या केमोच्या गोळ्या आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली तिने मला फार धीर आला. आतड्यातून प्रथिनं गळणाऱ्या, पण कॅन्सर नसलेल्या कुत्र्यांनाही हीच जोडी देतात. म्हणजे सूज आणि कॅन्सर यांच्या सीमेवरच्या तिच्या आतड्यात जे काही चाललंय, त्या दोन्हींवर औषध पोचणार होतं.

क्लोरॅम्ब्युसिल माणसांचंच औषध, माणसांच्याच केमिस्टकडे मिळतं. दुकानदाराने वहीत लिहायला पेशंटचं नाव विचारलं, मी म्हटलं, "भिंगरी." त्याने वय विचारलं, मी म्हटलं, "नऊ वर्षं." त्याचं पेन थांबलं. मी घाईने सांगितलं की कुत्री आहे. त्याने मान हलवली, बर्फाची पिशवी शोधून गोळ्या तिच्यात ठेवल्या आणि फ्रीजमध्ये ठेवायच्या, फोडायच्या नाहीत, चुरायच्या नाहीत, हातमोजे घालून द्यायच्या, हे दोनदा बजावलं. घरात लेक अकरा वर्षांची, म्हणून गोळ्यांचा डबा वरच्या कप्प्यात आणि शी-मूत साफ करण्याचं काम फक्त मोठ्यांचं, तेही हातमोज्यांनी.

उपचारातला खरा गुंता पुढे आला. केमोने पोट बिघडू शकतं, जुन्या आजाराने बिघडतं, कॅन्सरनेही बिघडतं. जुलाब झाले की कारण कुठलं? पहिल्या महिन्यात मी प्रत्येक 5 च्या आकड्याला हबकून जायचे. इथे वही कामाला आली. तिची मागच्या चार वर्षांची पानं उलटली तर पावसाळ्यात 5 येतोच, फटाक्यांच्या दिवसांत येतोच, पण तेव्हा वजन ढळत नाही. म्हणून आम्ही आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं: नुसती शी बिघडली तर थांबायचं आणि पाहायचं, शी आणि वजन दोन्ही बिघडलं तर लगेच फोन, ताप किंवा मलूलपणा दिसला तर रात्री-अपरात्रीही दवाखाना, कारण तेव्हा पांढऱ्या पेशी घटलेल्या असू शकतात. त्यासाठी रक्ताची तपासणी आधी दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याने.

याच कारणाने मी तिच्या पोटात नवं काहीही जाऊ दिलं नाही. हळद, गुळवेल, गोमूत्र, कच्चं मांस, सगळे सल्ले प्रेमापोटी आले. पण हिच्या पोटात एक नवी वस्तू गेली की पुढचे दहा दिवस वही काही सांगू शकत नाही. कच्च्या मांसाला तर डॉक्टरांनी साफ मनाई केली होती, प्रतिकारशक्ती दाबलेल्या कुत्र्याला त्यातले जंतू भोवतात. एका मावसभावाने विचारलं, "एवढं सगळं कुत्र्यासाठी?" सासूबाईच म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्रभर ती पलंगाखाली होती. तू नव्हतास." पुढे कोणी विचारलं नाही.

थांबायचं कधी, हेही आम्ही बोलून ठेवलं आहे. अमेरिकेतल्या डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची एक मोजपट्टी आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना 0 ते 10 गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर जगणं सुसह्य मानतात. भिंगरीला ती तशीच लावता येईना. स्वच्छतेचे गुण तिचे कित्येक वर्षं कमीच आणि तरीही ती सुखात होती. उलट भूक स्टेरॉइडमुळे कायम दहा. ती भूक औषधाची आहे, तिची नाही. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही आजारपणाआधीच्या एका बऱ्या महिन्याचे गुण आठवून, वही बघून मांडले आणि आजचे गुण त्याच्याशी ताडून पाहतो. जुनं दुखणं असलेल्या जनावराला निरोगी जनावराच्या मापाने मोजलं तर निर्णय फार लवकर होतो, नाहीतर फार उशिरा.

आज तिचं वजन 16.4 आहे, अल्ब्युमिन 2.7. स्टेरॉइड बरंच खाली आलंय, त्यामुळे रात्री मुतायला उठवणं बंद झालंय. मांड्या अजून भरल्या नाहीत, जिना चढताना एका पायरीवर थांबते. आजार गेलेला नाही, दबलेला आहे, आणि कधीतरी उलटेल हे आम्हाला डॉक्टरांनी लपवलेलं नाही. उलटला तर डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टीन ही केमोची इंजेक्शनं हा पुढचा एक मार्ग असू शकतो. ती आम्ही द्यायची नाहीत असं ठरवलंय. दोन्ही औषधं आतड्याला जाचतात आणि हिचं आतडं आधीच दुबळं. निरोगी पोटाच्या कुत्र्याला कदाचित मी दिली असती. नवरा सुरुवातीला तयार नव्हता, त्याला काहीतरी करायचं शिल्लक हवं होतं. दोन रात्री आम्ही त्यावर बोललो. आता दोघांच्या सह्यांचा तो कागद वहीत चिकटवलेला आहे आणि एक प्रत डॉक्टरांच्या फाइलला लावली आहे, म्हणजे ऐन वेळी रडत रडत ठरवायला नको.