मारबतीची पाठ

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या फ्रेमिंगच्या दुकानात फुटक्या काचा रोजच येतात. त्या दिवशी एक ताई चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन आल्या. "भाऊ, काच तेवढी बदलून द्या. बाबांचं चित्र आहे, बाकी कशाला हात नका लावू." काच म्हणजे अर्ध्या तासाचं काम. म्हटलं, बसा.

चित्र जलरंगातलं, पिवळ्या मारबतीचं. मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मिरवून जाळतात तो पुतळा. पण मिरवणुकीतलं नाही, ती बांधली जात असतानाचं. कमरेपर्यंत पिवळा कागद डकवलेला, वर नुसत्या बांबूच्या कामट्या आणि कामट्यांमधून दिसणारं श्रावणाचं आभाळ. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. तान्ह्या पोळ्याला 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ऐकत मी लहानाचा मोठा झालो. कामट्या मात्र कधी बघितल्या नव्हत्या.

मागचा ब्राउन पेपर फाडला. खिळे गंजलेले, हार्डबोर्डनं कागद चहासारखा तांबूस करून टाकलेला. आत माउंटच नाही! काच आणि कागद यांच्यात जागा सोडायला माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, लागतो; तो वाचवला की पावसाळ्यात जलरंगातला गोंद ओलावतो आणि चित्र काचेला धरतं. तेच झालं होतं. डावीकडचा वरचा कोपरा काचेच्या तुकड्याला घट्ट. फोटो असता तर पाण्यात सोडला असता, इथं पाणी म्हणजे चित्रच गेलं. पातळ पोलादी पातं घेतलं आणि श्वास धरून सरकवत गेलो. चार बोटं जायला तास लागला. तरी शेवटी पेराएवढं आभाळ काचेवर राहिलंच. मी तसं सांगून टाकलं. ताई काही बोलल्या नाहीत, पण उठून पंखा बंद केला. तो मी आधीच करायला हवा होता.

कोपरा सपाट करायला कागद उलटा केला आणि थांबलो. मागं पेन्सिलीनं काढलेला तांब्या, दोन वांगी, एक कांदा. कुठल्या तरी पोराचं एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेच्या सरावाचं वस्तुचित्र. तांब्याचं तोंड लंबगोल, बूड मात्र रुळावर ठेवल्यासारखं सरळ. त्यावर लाल पेन्सिलीची एकच वळणदार रेघ आणि शेजारी बारीक अक्षरात: 'बूड तोंडापेक्षा जास्त गोल. नजरेपासून खाली जाशील तसं गोल होत जाते. घरी ताटावर ठेवून पाहा.' नुसता काट मारून मोकळा झाला नव्हता माणूस.

"बाबा ड्रॉइंग मास्तर होते," ताई म्हणाल्या. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका केली, मग एएम, म्हणजे आर्ट मास्टर, आणि शाळेत जन्म गेला. पोरं इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेतल्या अ श्रेणीसाठी यायची, दहावी झाली की रंगपेटी माळ्यावर. मास्तर उन्हाळ्यात पाचला उठून फुटाळा तलावावर जायचे, कारण मे महिन्यात सात वाजले की पातळ रंगाचा वॉश पसरायच्या आत वाळतो. एकही चित्र विकलं नाही. चांगला कागद परवडत नव्हता, म्हणून रद्दीत जाणारे सरावाचे कागद घरी आणायचे.

"असे किती आहेत?"

"पेटीभर. काऊन?"

संध्याकाळी त्या पेटी घेऊनच आल्या. चाळीसेक चित्रं. फुटाळा, जुन्या मंगळवारीतले वाडे, चितार ओळीत वाळत घातलेल्या रंगाविना मूर्ती. प्रत्येकाच्या पाठीवर कुणाचं तरी स्मरणचित्र, नक्षीकाम, अक्षरलेखन आणि ती लाल रेघ. खरं सांगू? फुटाळ्याची काही चित्रं सामान्यच आहेत. पण लाल रेघ एकदाही चुकलेली दिसली नाही.

ताई बराच वेळ मारबत उलटसुलट करत बसल्या. मी म्हटलं, मागं बोर्ड घालू नका, दोन्हीकडून काच लावू. खर्च वाढेल, शिवाय भिंतीवर टांगलं तर मागचं कोण बघणार?

"दारात टांगीन," त्या म्हणाल्या.

दोन्ही बाजूंनी माउंट कापले, पट्टी जाड घेतली. त्यांनी तो आभाळ चिकटलेला काचेचा तुकडाही मागून घेतला. मी त्याच्या कडा घासून दिल्या आणि बिलावर लिहिलं: काच, २ नग.