जमीन सोसायटीच्या नावावर: पार्ल्यातल्या आमच्या डीम्ड कन्व्हेयन्सचा अनुभव

विलेपार्ले पूर्वेला आमची चार मजली इमारत आहे. स्टेशन पायी गाठता येतं, हायवे हाकेच्या अंतरावर, विमानतळ शेजारीच. पार्ल्याला फास्ट लोकल सहसा थांबत नाही, पण एक स्टेशन मागे अंधेरीला गेलं की फास्टही मिळते आणि 2014 पासून घाटकोपरची मेट्रोही. शाळा, बाजार, दवाखाने, दीनानाथ नाट्यगृह, सगळं चालत. इथे घर आहे म्हटल्यावर लोक "नशीबवान आहात" म्हणतात आणि ते खरंच आहे. मात्र ज्या जमिनीवर हे घर उभं आहे ती चाळीस वर्षांहून जास्त काळ आमच्या नावावर नव्हती. इमारतीतल्या निम्म्याहून अधिक घरांना याची कल्पनाच नव्हती.

मी बँकेतून निवृत्त झाले आणि सोसायटीची सेक्रेटरी झाले. कपाटातल्या फायली लावताना जमिनीचं प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगणारी सरकारी नोंद, कुठेच दिसेना. आता ते भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीसह काढता येतं, म्हणून काढलं. त्यावर धारक म्हणून एका गृहस्थांचं नाव होतं. 1970च्या दशकात त्यांनी हा प्लॉट बिल्डरला विकसित करायला दिला होता. ते जाऊनही बरीच वर्षं झाली होती. सोसायटीचा कुठे उल्लेखही नव्हता.

आपल्याकडे फ्लॅट घेणारा माणूस करार करतो, स्टॅम्प ड्युटी भरतो, शेअर सर्टिफिकेट घेतो आणि सगळं झालं असं समजतो. प्रत्यक्षात त्याच्याकडे फ्लॅटचा हक्क असतो. खालची जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं हे बिल्डरचं काम. 1963च्या मोफा कायद्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकीच्या कायद्यात, ते कलम 11 मध्ये लिहिलेलं आहे, आणि करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत ते करायचं असतं. मुंबईत हजारो इमारतींमध्ये ते झालं नाही, कारण जमीन स्वतःकडे ठेवण्यात बिल्डरचा आणि मूळ मालकाचा फायदा होता. चटईक्षेत्र (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते) वाढलं, टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क इथे वापरायची सोय) आला, की त्यावर हक्क सांगायला जागा राहते. म्हणून 2008 मध्ये कायदा दुरुस्त झाला. बिल्डर सही करत नसेल, सापडत नसेल किंवा हयात नसेल, तर सोसायटीने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडे, एकतर्फी अर्ज करायचा. सरकारी भाषेत हे मानीव अभिहस्तांतरण. आमच्या इमारतीत सगळे डीम्ड कन्व्हेयन्सच म्हणतात.

विशेष सर्वसाधारण सभेत पहिलाच प्रश्न आला, "ताई, आपण फनेल झोनमध्ये आहोत. उंची वाढवता येत नाही, बिल्डर कोणी येत नाही. पुनर्विकास होणार नसेल तर हा खर्च कशाला?" प्रश्न रास्त होता. विमानांच्या मार्गामुळे पार्ल्याच्या या भागात इमारतीच्या उंचीला मर्यादा आहे, आणि मिळणारं चटईक्षेत्र पूर्ण वापरता येत नाही म्हणून कितीतरी जुन्या इमारती अडकून पडल्या आहेत. पण माझं म्हणणं उलट होतं. आज ना उद्या या भागासाठी जी काही सवलत येईल, ती जमीन ज्याच्या नावावर आहे त्याच्या हातात पडणार. इमारत धोकादायक ठरून पाडावी लागली, तर मोकळ्या प्लॉटवर आपला हक्क आहे हे तेव्हा सिद्ध करत बसायचं का? हा दुसरा मुद्दा सगळ्यांना पटला. खर्चाची वर्गणी क्षेत्रफळाप्रमाणे की घरटी समान, यावर मात्र सभा रात्री उशिरापर्यंत चालली. शेवटी समान ठरली.

त्यानंतरचं खरं काम कागद जमवण्याचं होतं आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. वकील आणि आर्किटेक्ट पैसे देऊन मिळतात. प्रत्येक घराचा मूळ करार, त्यावर भरलेली स्टॅम्प ड्युटी, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), मध्ये फ्लॅट विकला गेला असेल तर त्या प्रत्येक विक्रीचा करार, हे मात्र घरोघरी कपाटं उघडूनच मिळतं. त्याशिवाय सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, मंजूर नकाशा, आयओडी (महापालिकेची बांधकामाची सुरुवातीची परवानगी), बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र, ओसी (इमारत वापरायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला), मालक आणि बिल्डरमधला विकास करार, बिल्डरला पाठवलेली नोटीस आणि सभेचा ठराव. ओसी आमच्याकडे नव्हती, जुन्या इमारतींत ती अनेकदा नसते. 2018च्या जूनमधल्या शासन निर्णयाने कागदांची यादी छोटी केली आणि ओसीऐवजी स्वयंघोषणापत्राची सोय दिली, ती आमच्या कामी आली.

मी दर रविवारी सकाळी एकेका मजल्यावर जायचे. चहा व्हायचा, मग बेडखालची पेटी किंवा लोखंडी कपाटाचा लॉकर उघडायचा. तळमजल्यावरच्या काकांनी 1978 सालचा करार प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर वर्तमानपत्र आणि वर सुतळी अशा बंदोबस्तात ठेवला होता. पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला, शेवटच्या पानावर बिल्डरच्या दोन्ही भागीदारांच्या सह्या. आमच्या अर्जाचा पाया म्हणजे तो करार. प्लॉटचं क्षेत्रफळ, नगर भूमापन क्रमांक आणि "सोसायटी स्थापन झाल्यावर जमीन तिच्या नावे करून देऊ" हे वाक्य, तिन्ही त्यात स्पष्ट होतं.

तिसऱ्या मजल्यावरचं एक घर बंद असतं, मालक न्यू जर्सीला. किल्ली समोरच्या काकूंकडे. ठरलेल्या वेळी काकूंनी व्हिडिओ कॉल लावला, तो तिकडून सांगत गेला आणि आम्ही कप्पे उघडत गेलो. करार सापडलाच, पण त्याच्या वडिलांच्या फायलीत महापालिकेचा शिक्का असलेला मंजूर नकाशा निघाला, निळ्या शाईचा, घड्यांवर विरलेला. तोपर्यंत आम्ही त्या नकाशासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज करून वाट पाहत होतो. आर्किटेक्टने तो हातात घेतला आणि म्हणाला, "हा जपून ठेवा, यावर माझं प्रमाणपत्र उभं राहील."

आर्किटेक्टच्या प्रमाणपत्राबद्दल थोडं विस्ताराने सांगते, कारण इथे सोसायट्या घाई करतात. प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्रफळ, करारातलं क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष मोजणी या तिन्हींत आमच्याकडे फरक होता. कारण रस्तारुंदीत गेलेली पट्टी. ती महापालिकेच्या ताब्यात गेली होती, पण कार्डावरून कमी झाली नव्हती. आदेशात जेवढं क्षेत्रफळ लिहिलं जाईल तेवढीच जमीन सोसायटीची होते, आणि नंतर दुरुस्ती करून घेणं फार अवघड. म्हणून आर्किटेक्टकडून पट्टी वेगळी दाखवून, तिन्ही आकड्यांचा ताळमेळ लिहून घेतला. यात काही आठवडे गेले, पण ते मला योग्यच वाटतात.

मग वारसांचा प्रश्न आला. बिल्डरची भागीदारी संस्था केव्हाच बंद पडली होती, दोन्ही भागीदार वारले होते. मूळ मालकाचे वारस कोण, कुठे, कोणालाच माहीत नव्हतं. अर्जात त्यांना प्रतिवादी करावं लागतं आणि नोटीस पत्त्यावर जावी लागते. वकिलांनी सांगितलं, पत्ते शोधा, नाहीतर जाहीर नोटिशीवर अवलंबून राहावं लागेल आणि उद्या कोणी उभा राहून म्हणेल, मला कळवलंच नाही.

पहिल्या मजल्यावरच्या आजी तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. कोणीतरी सहज त्यांच्यासमोर विषय काढला. त्या म्हणाल्या, "अगं, त्यांची धाकटी मुलगी दादरला हिंदू कॉलनीत दिली होती. मुलगा पुण्याला गेला. त्या बंगल्यातल्या हळदीकुंकवाला मी गेले आहे." प्लॉटवर आधी बंगला होता, मागे विहीर होती, हे सगळं त्यांना पाठ होतं. त्या धाग्यावरून ओळखीपाळखीतून महिनाभरात दोन पत्ते मिळाले आणि त्यांच्याकडून तिसरा. हे कुठल्याही सरकारी कागदात लिहिलेलं नव्हतं. आजी नसत्या तर आम्ही कुठून सुरुवात केली असती, मला खरंच सांगता येत नाही. काम पूर्ण व्हायच्या आधीच त्या गेल्या.

अर्ज नमुना सातमध्ये, दोन हजार रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून दाखल झाला. आधी ऑनलाइन, मग कागदांचा गठ्ठा प्रत्यक्ष. छाननीत दोन-तीन त्रुटी निघाल्या, त्या पूर्ण केल्या. प्रतिवादींना नोटिसा गेल्या, दैनिकांत जाहीर नोटीसही दिली. कायद्यात प्राधिकाऱ्याला निर्णयासाठी सहा महिने दिलेले आहेत. आम्हाला त्याहून जास्त लागले, कारण तारखा पुढे ढकलल्या जात होत्या. प्रत्येक तारखेला मी आणि खजिनदार दोघंही जायचो. वकील असला तरी सोसायटीचं कोणीतरी समोर असावं, या मताची मी आहे. विचारलेल्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देता येतं.

एका वारसाच्या वकिलाने हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, प्लॉटवर शिल्लक चटईक्षेत्र आहे, ते मालकाचं आहे, म्हणून पूर्ण जमीन देता येणार नाही. आमच्या वकिलांनी 1978चा करार पुढे ठेवला. मालकाने विकासाचे हक्क दिले, बिल्डरने फ्लॅट विकताना संपूर्ण प्लॉट सोसायटीला देण्याचं कबूल केलं, काहीही राखून ठेवलं नाही. शिवाय या कार्यवाहीत प्राधिकारी मालकीचे वाद सोडवत नाहीत. कराराने ठरलेलं कर्तव्य पार पडलं का, एवढंच पाहतात. मालकीबद्दल तक्रार असेल तर दिवाणी न्यायालयाचा रस्ता मोकळा असतो. आदेश आमच्या बाजूने झाला आणि त्यात क्षेत्रफळ आर्किटेक्टच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहिलं गेलं. त्या वारसाबद्दल माझ्या मनात राग नाही. वडिलांच्या जमिनीबद्दल माणसाला वाटणारच. पण बावीस घरांनी ती जमीन पैसे मोजून घेतली होती.

आदेश मिळाला की पेढे वाटायचे आणि फाइल बांधायची, असं पुष्कळ सोसायट्या करतात. प्रत्यक्षात तिथे निम्मं काम झालेलं असतं. आदेशासोबत अभिहस्तांतरणाचा मसुदा आणि प्रमाणपत्र घेऊन मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे किती स्टॅम्प ड्युटी लागेल ते ठरवून घ्यायला, जावं लागतं. सभासदांनी आपापल्या करारांवर आधी भरलेली ड्युटी तिथे वजा होते, म्हणून प्रत्येक फ्लॅटचा तक्ता हवा. 10 डिसेंबर 1985 ही तारीख इथे महत्त्वाची. त्याआधीचे करार पाच-दहा रुपयांच्या स्टॅम्पवरच होत. आमच्याकडे ज्या घरांची नंतर विक्री झाली त्यांची पूर्ण ड्युटी भरलेली होती, आणि ज्या घरांत फ्लॅटचे पहिले खरेदीदारच राहत होते त्यांची यादी वेगळी करून, सोबत त्या काळचे करार जोडून दिले. शेवटी निघालेली रक्कम आमच्या भीतीपेक्षा बरीच कमी होती. खजिनदारांनी तो तक्ता इतका स्वच्छ केला होता की कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी फारसे प्रश्न विचारले नाहीत.

मग दुय्यम निबंधकांकडे नोंदणी. तिथेही प्रतिवादींना पुन्हा नोटीस जाते, एकतर्फी दस्त का नोंदू नये असं विचारलं जातं. या वेळी कोणी आलं नाही. दस्त नोंदला गेला, इंडेक्स टूवर खरेदीदार म्हणून सोसायटीचं नाव आलं. त्याच आठवड्यात मी नगर भूमापन कार्यालयात फेरफारासाठी अर्ज दिला. हे लगेच करावं, कारण कार्डावर जुनं नाव राहिलं तर बाहेरच्या माणसाला जमीन अजून त्यांचीच दिसते. पहिल्या सभेपासून नवीन कार्ड हातात येईपर्यंत तीनेक वर्षं गेली.

वार्षिक सभेत कार्डाची प्रत प्रत्येक घराला दिली. न्यू जर्सीला स्कॅन पाठवला. मूळ दस्त बँकेच्या लॉकरमध्ये आहे आणि लॉकर अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार यांच्यापैकी दोघांच्या सहीने उघडतो. सगळ्या घरांचे करार स्कॅन करून सोसायटीकडे ठेवले आहेत, म्हणजे पुढच्या कमिटीला पुन्हा पेट्या उघडाव्या लागणार नाहीत. घर विकलं गेलं तर नवीन कराराची प्रत दिल्याशिवाय हस्तांतर मंजूर करायचं नाही, असाही ठराव केला.

आमच्या मागच्या गल्लीतली सोसायटी 1981ची आहे, त्यांच्याही कार्डावर अजून जुन्या मालकाचंच नाव आहे. त्यांच्या सेक्रेटरी परवा फाइल बघायला आल्या होत्या. त्यांचा मंजूर नकाशा सापडत नाही आणि दोन घरांचे मूळ करार गहाळ आहेत. मी त्यांना सांगितलं, आधी सगळ्यात जुन्या सभासदांकडे जा, त्यांना बंगला आठवतो का, मालकाची मुलं कुठे दिली-गेली ते विचारा, आणि ते सांगतील ते तिथेच लिहून घ्या. येत्या रविवारी त्यांच्याकडच्या दोन आजोबांकडे आम्ही दोघी मिळून जाणार आहोत.