टेबलावरचं नाम

"बुवा, गळ्यात माळ असून तुम्हाला कॅन्सर कसा?" निपाणीत हे तोंडावर विचारतात. आणि पाठोपाठ, "पण शेवटी पांडुरंगानंच तारलं, नव्हं?"

पहिल्याचं उत्तर सोपं. माळ घातली तेव्हा मटण सोडलं, तंबाखू नाही. गावाचं पोट विडीच्या तंबाखूवर, माझा जन्म वखारीत गेला. भजनालाही बार भरूनच बसायचो. गालात जखम झाली तर दोन महिने अंगारा लावत राहिलो. तो वेडेपणा माझा, अंगाऱ्याचा नव्हे.

दुसऱ्याला वेळ लागतो. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. आमच्याकडं त्याला लाईट देणं म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, ६ आठवडे, ३० वेळा. सीमाप्रश्न सुटो न सुटो, कोगनोळीवरून कोल्हापूरला जाऊन-येऊन मी ६० वेळा सीमा ओलांडली.

प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबतात. गार झाली की चेहऱ्याचा साचा तयार. रोज तो चढवून टेबलाला अडकवतात, डोकं तसूभरही हलू नये म्हणून. "माऊली, माळ काढावी लागंल," तिथला पोरगा म्हणाला. वीस वर्षांत काढली नव्हती. हिच्या ओंजळीत दिली. एकदा उतरवली की पुन्हा महाराजांच्या हातनं घालावी म्हणतात. मी रोज बाहेरच्या बाकड्यावर हिच्याच हातनं घालून घेतली.

जाळीत जीव गुदमरायचा. श्वास घेताना रामकृष्ण, सोडताना हरी. मशीन थांबेपर्यंत दीड-दोनशे व्हायचे. एकदा शंभरातच थांबली, तर हिशेब चुकल्यासारखं वाटलं.

गाठ सर्जननं काढली, उरलंसुरलं मशीननं जाळलं. नामानं एकही पेशी मेली असं मी म्हणणार नाही. पण मध्ये खाडे पडले की उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोंड सोलवटलेलं, नाकात नळी, थुंकी गिळवत नव्हती. विसाव्या दिवशी मी घरातच बसणार होतो. गेलो. ते मात्र नामाच्या खात्यावर.

एक पाहुणे मागच्या जन्माचं पाप काढून बसले. त्यांना चहा पाजून लवकर वाटेला लावलं.

तोंड आता दोनच बोटं उघडतं, अभंगाची तान निघत नाही. एकादशीला देवळात टाळ वाजवतो. टाळाला तोंड लागत नाही.